तापाचं औषध तिघांनी तीनदा दिलं

शर्वरी_डोंबिवली

मंडळी, गेल्या गुरुवारी आमच्याकडे जे घडलं ते लिहून काढते आहे. मुलगी आता ठीक आहे हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

चिऊ वीस महिन्यांची, वजन बरोबर १० किलो. दुपारी चारनंतर अंग तापायला लागलं. आमच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिली द्या, गरज लागली तर सहा तासांनी परत. औषध घरात होतंच. साडेसहाला सासूबाईंनी दिलं. सव्वाआठला नवरा घरी आला. पोर फणफणलेली, रडतेय, आणि सासूबाई खाली दूध आणायला गेलेल्या. त्याने बाटली घेतली आणि पाच मिली दिलं. माझं ऑफिसात महिनाअखेरीचं काम होतं, मी साडेनऊला पोचले. कपाळाला हात लावला आणि पर्स खांद्यावर असतानाच औषध पाजलं. मग स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, चिऊला औषध दिलंय हो." त्या म्हणाल्या, "अगं, मी दिवेलागणीलाच दिलं होतं की." आणि आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "मी पण दिलंय."

आम्ही तिघंही गप्प झालो. मी बाटली ट्यूबलाइटखाली धरून वाचली. फ्रिजच्या दारात होती ती मोठ्या मुलाची बाटली. तो सात वर्षांचा आहे. पाच मिलीत २५० मिलिग्रॅम. चिऊची १२५वाली कपाटात होती, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. म्हणजे तीन तासांत तीनदा, आणि दर वेळी दुप्पट. ७५० मिलिग्रॅम.

फोन लावताना एक क्षण मनात आलं की दोनदाच दिलं असं सांगावं. का आलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. शेवटी खरं तेच सांगितलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. किती मिली, किती किती वाजता, वजन किती, आणखी कुठलं औषध चालू आहे का, पोरगी कशी आहे, हे विचारलं आणि फोनवरच हिशेब केला. म्हणाले, दिवसभराच्या मर्यादेच्या वर गेलंय, पण यकृताला इजा होते ती पातळी याच्यापेक्षा बरीच वर असते. उद्या मी बघेपर्यंत एक थेंबही द्यायचा नाही, कोमट पाण्याने अंग पुसा, दूध-पाणी चालू ठेवा. उलट्या झाल्या किंवा जास्तच सुस्त वाटली तर मला फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या. सकाळी त्यांनी तपासलं आणि रक्त घेतलं. रिपोर्ट चांगला आला.

त्या रात्री आम्ही तिघंही झोपलो नाही. आता विचारायचं ते असं. तुमच्याकडे कधी असं झालंय का? आणि घरात औषध देणारे हात एकाहून जास्त असतील, तर तुम्ही काय पद्धत ठेवता?

मेघना_के

शर्वरी, आधी एक घट्ट मिठी. आमच्याकडेही झालंय, फक्त दोनदा. लेकाला मी आणि पाळणाघरातल्या ताईंनी अर्ध्या तासाच्या अंतराने दिलं. ताईंनी वहीत नोंद केली होती, पण मी ती वही घरी येऊन उघडली.

कडक_चहा

मला हे जरा जास्तच वाटतंय. आम्ही चार भावंडं. आमच्या आईने बाटलीवरचं कधी वाचलं नाही. चमचा भरायचा आणि नाक दाबून पाजायचा. पॅरासिटामॉल हे सगळ्यांत निरुपद्रवी औषध आहे, म्हणूनच ते चिठ्ठीशिवाय मिळतं. हल्लीचे आईबाप गुगल वाचून घाबरतात.

औषधवाला_मिरज

मी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल मुख्यतः तीन ताकदींत येतं. पहिलं ड्रॉप्स. १५ मिलीची चिमुकली बाटली, सोबत ड्रॉपर, एका मिलीत १०० मिलिग्रॅम. दुसरं साधं सिरप, पाच मिलीत १२० किंवा १२५. तिसरं पाच मिलीत २५०, ज्याच्या नावापुढे डीएस, फोर्ट किंवा नुसता २५० आकडा असतो. आता गंमत बघा. सगळ्यांत लहान बाटलीतलं औषध सगळ्यांत जहाल असतं, आणि लोकांना नेमकं उलटं वाटतं. 'ड्रॉप्स म्हणजे तान्ह्या बाळाचं, म्हणजे सौम्यच असणार' असं म्हणून ड्रॉप्स चमच्याने पाजलेले मी पाहिलेत. पाच मिली ड्रॉप्स म्हणजे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी.

एकाच कंपनीच्या १२५ आणि २५० च्या खोक्यांचा रंगही पुष्कळदा सारखा असतो. शेल्फवर शेजारी शेजारी ठेवली की माझाही हात चुकू शकतो. म्हणून मी बाटली गिऱ्हाईकाच्या हातात देण्याआधी मार्करने तिच्यावर मोठा आकडा लिहितो आणि बाळाचं वजन विचारतो. निम्म्या आईबापांना ते पटकन सांगता येत नाही.

शर्वरीताई, तुम्ही बाटली वाचलीत. बरेच लोक तीही वाचत नाहीत.

रानफूल

@औषधवाला_मिरज, ड्रॉप्सचं मला माहीतच नव्हतं. आत्ता उठून बघून आले. १५ मिली, एका मिलीत १००. आजवर मी तिला 'छोटी बाटली, हलकं औषध' असंच समजत होते.

बालरोग_कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. @कडक_चहा यांच्या प्रतिसादावर लिहिणं भाग आहे, कारण हाच समज मुलांना दवाखान्यात उशिरा आणतो.

योग्य प्रमाणात हे औषध खरोखर चांगलं आहे, मी रोज देतो. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत किलोला ६० च्या आत. १० किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० आणि दिवसभरात ६०० मिलिग्रॅमपर्यंत. चिऊला ७५० गेलं, म्हणजे किलोला ७५. एकाच वेळी किलोला १५० च्या पुढे गेलं असेल तर मूल हसतंय-खेळतंय की नाही ते न बघता रुग्णालय गाठायचं. पण हा आकडा डॉक्टरांसाठी आहे. घरी बसून 'आपण त्याच्या खाली आहोत' असं ठरवायला तो नाही. ताकद वाचण्यात, वजन सांगण्यात चूक होते, आणि आधी दुसऱ्या कुणी काही दिलेलं असतं. जास्त गेलं असं वाटलं की लगेच फोन करायचा.

याचं काम असं चालतं. आपलं यकृत बहुतेक पॅरासिटामॉल सुखरूप बाहेर काढतं. थोड्या भागाचा मात्र विषारी पदार्थ होतो, आणि तो निकामी करायला यकृताकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. औषध फार झालं की साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर उलटतं. तापाने दोन दिवस न जेवलेल्या, उलट्या झालेल्या मुलात हा साठा आधीच कमी असतो. म्हणून मला एकदम बाटली प्यायलेल्या मुलाइतकीच काळजी तीन-तीन दिवस दर तीन-चार तासांनी थोडं थोडं जास्त दिलेल्या मुलाची वाटते. तिथे कुणालाच वाटत नाही की आपलं काही चुकलं.

सगळ्यांत फसवं काय असेल तर पहिला दिवस. पहिले चोवीस तास मूल अगदी ठीक दिसू शकतं, फार तर एखादी उलटी. यकृताचे आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतात. आणि यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. म्हणजे 'काही होतंय का बघू' म्हणून वाट पाहायची वेळ नेमकी तीच असते, जी वाया घालवायची नसते.

आणखी एक. घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मिठाचं पाणी लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास फोन उचलतात: १८०० ११६ ११७. रुग्णवाहिकेसाठी आपल्याकडे १०८.

कडक_चहा

डॉक्टरसाहेब, पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही हे मला माहीत नव्हतं. माझं 'निरुपद्रवी' मागे घेतो. घाबरू नये एवढंच म्हणायचं होतं.

बालरोग_कोल्हापूर

तेही बरोबरच आहे. घाबरलेली आई फोनवर वजन सांगताना गोंधळते.

गोदाकाठ

मला हे लिहायला तीन वर्षं लागली.

माझा मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा, १२ किलोचा. औषध प्यायला नको म्हणायचा, म्हणून आम्ही म्हणायचो, "हा बघ, स्ट्रॉबेरीचा खाऊ." रोज तेच. एके दुपारी बायको कपडे वाळत घालत होती, मी कामावर. तो खुर्ची ओढून ओट्यावर चढला आणि त्याने खाऊची बाटली घेतली. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांना साधं फिरकीचं टोपण असतं, तसंच तेही होतं. बायको आत आली तेव्हा हा ओट्याखाली बसून ओठ चाटत होता. गुलाबी मिशा उमटलेल्या. ६० मिलीची बाटली, २५० वाली, सकाळी फक्त एक डोस काढलेला. तळाशी बोटभर उरलं होतं.

डॉक्टरांनी सांडलंय का विचारलं. बायको म्हणाली, फरशी थोडी चिकट आहे. ते म्हणाले, सांडलेलं धरू नका, सगळं पोटात गेलं असंच धरू. हिशेब किलोला १९० च्या पुढे गेला. आधी कोळशाचं काळं पाणी पाजलं, नंतर सलाईनमधून तो उतारा, जवळजवळ पूर्ण दिवसभर. त्याची कुपी फोडली की सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. सिस्टर म्हणाल्या, वास आला म्हणजे औषध चांगलं आहे, खराब नाही. पोराची जीभ, दात, उशी, सगळं काळं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, पाऊण तासात आणलंत म्हणून.

त्यानंतर आमच्या घरात औषधाला खाऊ म्हणत नाही. औषधाला औषधच म्हणतो. तो रडतो, मग त्याला गूळ देतो.

मेघना_के

@गोदाकाठ, वाचून हात गार पडले. आम्ही 'मँगो ज्यूस' म्हणतो. आजपासून बंद.

सुलभाआजी६८

मी बहुधा या धाग्यावर सगळ्यांत म्हातारी. शर्वरी, तुझ्या सासूबाईंना माझा निरोप दे, की त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तिघांनी दिलं ते तिघांना काळजी होती म्हणून.

आमच्या वेळी बाळगुटी असायची. सहाणेवर एकेक काष्ठौषधी उगाळायची. हळकुंडाचा एक वळसा, वेखंडाचा एक, हिरड्याचे दोन, जायफळाचा अर्धा. माझी सासू शेजारी बसून वळसे मोजायची. जायफळाला एक वळसा जास्त झाला तर ती पूर्ण सहाण धुऊन परत उगाळायला लावायची, कारण "पोर झोपून राहील". आणि गुटी एकाच बाईने द्यायची, सकाळी आंघोळीनंतर, हे ठरलेलं. तुमच्या मिलीचं मला कळत नाही, पण वळसे मोजणं आम्हाला नवीन नव्हतं. बाटली आली आणि मोजणं सुटलं, असं मला वाटतं.

बालरोग_कोल्हापूर

आजी, सासूबाईंचं जायफळाबद्दल बरोबर होतं. जायफळ जास्त झालं तर बाळ नुसतं झोपत नाही, सुस्त पडतं. तान्ह्या बाळांना गुटी देऊ नका असंच मी आज सांगेन. पण वळसे मोजण्याची शिस्त मला हवी आहे.

तिखटमीठ

चमच्याबद्दल कुणीच बोललं नाही! धागा वाचून मी घरातले चमचे पाण्याने भरून इंजेक्शनच्या सिरिंजने मोजले. चहाचा चमचा: साडेतीन मिली. दुसऱ्या सेटमधला चहाचा चमचा: सहा. पोह्यांचा चमचा: अकरा. आणि माझी आई आजवर 'एक चमचा औषध' म्हणजे हाताला लागेल तो चमचा घ्यायची.

औषधवाला_मिरज

@तिखटमीठ, शाब्बास. दुकानात सुईशिवायची सिरिंज मागा, पाच-दहा रुपयांत मिळते. आकडे खोडलेलं जुनं टोपण वापरू नका. आणि एका औषधाचं टोपण दुसऱ्या औषधाला लावू नका, खुणा वेगळ्या असतात.

एडिसनची_अनघा

इकडे न्यू जर्सीत आमच्याकडे वेगळाच घोळ झाला. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, औषध तेच. माझी आई पुण्याहून येताना 'तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाही' म्हणून सिरप घेऊन आली होती. मी इकडचं दिलं, तासाभराने आईने तिचं दिलं. खोक्यांवर नावं वेगळी, त्यामुळे ही दोन वेगवेगळी औषधं आहेत अशी आमची दोघींची खात्री. पॉइझन कंट्रोलला फोन केला (१-८००-२२२-१२२२). बाईंनी अगदी शांतपणे विचारलं आणि वजन सांगा म्हणाल्या. मी म्हटलं २४. आई मागून ओरडली, "चोवीस कुठे, अकरा!" मी पौंडांत सांगत होते, ती किलोंत. मी फोनवर मराठी-इंग्रजी दोन्ही बोलत होते म्हणे. त्यांनी हिशेब केला, काळजीचं नाही म्हणाल्या, आणि चार तासांनी स्वतः परत फोन करून बाळ कसं आहे ते विचारलं.

इकडेही पूर्वी ड्रॉप्स आणि सिरपची ताकद वेगळी होती. २०११ मध्ये कंपन्यांनी लहान मुलांचं द्रव औषध एकाच ताकदीचं करायला घेतलं, पाच मिलीत १६०. तान्ह्याचं आणि मोठ्याचं तेच, फक्त सिरिंज किंवा कप वेगळा. आपल्याकडे हे का होऊ नये?

रानफूल

+१. एकच ताकद ठेवली तर निम्मे घोळ संपतील.

औषधवाला_मिरज

मलाही आवडेल. पण सात-आठ वर्षांच्या, २५ किलोच्या पोराला १२५ वालं दहा-बारा मिली पाजायचं तर आया म्हणतात, जास्त ताकदीचं द्या, थोडं पाजावं लागेल. मागणी त्यातून येते. निदान खोक्याचा रंग तरी सक्तीने वेगळा हवा.

पालघरची_आशा

मी आशा कार्यकर्ती आहे. पाड्यावर बाटली नसते, तिथे ५०० ची गोळी असते. लसीकरणानंतर ताप आला तर पाव गोळी चुरून पाण्यातून द्या, असं सिस्टर आईला सांगतात. पाव म्हणजे १२५. घरी गेल्यावर पाव कशी तोडणार? हाताने तोडली की एक तुकडा मोठा निघतो. कुणी अर्धी देतं, कुणी 'लवकर उतरावा' म्हणून दोनदा देतं. म्हणून मी माझ्यासमोर गोळी तोडायला लावते आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पुडीत बांधून देते. एक पुडी आत्ता, दुसरी झोपताना ताप असेल तरच. पुडी उरली की आई मला परत आणून दाखवते. वाचता न येणाऱ्या आईलाही पुड्या मोजता येतात.

शर्वरी_डोंबिवली

@पालघरची_आशा, ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बघ, हिला कळतं."

सीताबर्डी

नागपूरकर. ताकदीचं सगळं ठीक, पण खोक्यात काय काय मिसळलं आहे तेही वाचा बाप्पा. माझ्या भाचीला तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं अशी दोन सिरपं चालू होती. दोन्हींत पॅरासिटामॉल! सर्दीच्या खोक्यावर समोर नाकाचं चित्र, पॅरासिटामॉल मागे बारीक अक्षरांत. चार दिवस दोन्ही देऊन राहिले होते. पोरगी बरी आहे, पण डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खोकल्याच्या सिरपने आजारी पडलेल्या छिंदवाड्याच्या लेकरांना इकडे नागपुरातच आणलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे सिरपचं नाव काढलं तरी लोक दचकतात.

बालरोग_कोल्हापूर

सीताबर्डी, दोन वेगळे मुद्दे आहेत. छिंदवाड्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, मुलांची मूत्रपिंडं त्याने गेली. तिथे आईबापांनी डोस अगदी बरोबर दिला तरी धोका टळला नसता. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात हेच रसायन ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या पोटात गेलं होतं. तो दोष घरातला नाही, त्याबद्दल आईबापांनी स्वतःला दोष देऊ नये.

तुमच्या भाचीचं जे झालं ते मात्र मी आठवड्याला एकदा तरी बघतो. सर्दीच्या मिश्र सिरपांत क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन असतं, बऱ्याचदा जोडीला पॅरासिटामॉल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं की क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनची ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, आणि तसं लेबलवर छापा. तरी दुकानातून 'सर्दीचं काहीतरी द्या' म्हणून ती घरी जातेच. दवाखान्यात ताप जास्त म्हणून गुदमार्गातून गोळी दिली असेल तर तीही पॅरासिटामॉलचीच असते. घरी आल्या आल्या सिरप देऊ नका.

मुठेकाठी

ताप उतरत नाही म्हणून पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन आलटून पालटून द्या, असं आम्हाला सांगितलं होतं. याबद्दल काय मत?

बालरोग_कोल्हापूर

तुमच्या डॉक्टरांनी समोर बसून वेळ लिहून दिली असेल तर त्यांचं ऐका. मी स्वतः सहसा सांगत नाही. दोन औषधं, दोन वेळापत्रकं आणि मध्यरात्रीची झोप, यांत घोळ होतोच. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन नकोच. आणि निमेसुलाइड हे तापाचं दुसरं औषध घरात जुनं पडलेलं असेल तर फेकून द्या. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे.

खरं म्हणजे औषध आकडा उतरवण्यासाठी द्यायचंच नसतं. मूल अस्वस्थ आहे, दुखतंय, पीत नाही, म्हणून द्यायचं. १०१ ताप असलेलं मूल खेळत असेल तर त्याला खेळू द्या.

कल्पना_व

माझं स्पष्ट मत: औषध फक्त आईने द्यावं. एक हात, एक जबाबदारी. बाकीच्यांनी हात लावू नये.

विहीरवाडी

@कल्पना_व, मी बाप आहे आणि रात्रीची औषधं मीच देतो, बायकोची रात्रपाळी असते. आईनेच द्यायचं ठरलं तर आमच्या पोरीने रात्रभर तापात पडून राहायचं का? शर्वरीच्या नवऱ्याने औषध दिलं हे चांगलंच केलं. त्याने कुणाला विचारावं अशी सोय घरात नव्हती, तेवढंच कमी पडलं.

कल्पना_व

रात्रपाळीचं माझ्या डोक्यात नव्हतं, मान्य. 'त्या दिवशी कोण देणार' हे सकाळी ठरवावं, असं म्हणते.

तिखटमीठ

आम्ही बाटलीला रबरबँडने कागद बांधतो, देणाऱ्याने वेळ लिहायची. मोबाइलवरच्या ग्रुपवर लिहून बघितलं, पण आईचा फोन कायम चार्जिंगला.

मेघना_के

कालनिर्णय! दूध, गॅस, बाईच्या सुट्ट्या सगळं तिथेच लिहितो, मग औषध का नाही? चौकोनात वेळ आणि नाव.

गोदाकाठ

शर्वरी, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट मागे राहून गेली. 'दोनदाच सांगावं असं वाटलं' ती. माझ्या बायकोलाही तसंच वाटलं होतं. तिने डॉक्टरांना आधी सांगितलं होतं की बाटली अर्धीच होती. रिक्षात बसल्यावर मला फोन करून रडली आणि मग दवाखान्याच्या दारात खरं बोलली. तिला वाटत होतं, सगळी बाटली म्हटलं तर 'ही कसली आई' असं म्हणतील. कुणी म्हटलं नाही. सिस्टरनी तिला पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, सकाळचा डोस धरून की सोडून?"

बालरोग_कोल्हापूर

अर्धी बाटली धरली असती तर कदाचित उतारा दिलाच नसता. त्या दारात जे बोलल्या त्यासाठी वहिनींना माझा नमस्कार सांगा.

शर्वरी_डोंबिवली

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. @गोदाकाठ, वहिनींना माझाही नमस्कार.

काय काय बदललं ते सांगते. मोठ्याची बाटली आता वरच्या कपाटात आहे, तिच्यावर मार्करने २५० आणि त्याचं नाव. चिऊची खालच्या कप्प्यात नव्हे, तीही वरच. दोन सिरिंजा आणल्या. तिच्यासाठी १२५ च्या औषधाचे पाच मिली जिथे येतात तिथे नवऱ्याने नेलपॉलिशने लाल रेघ मारली. सर्दीचं एक जुनं सिरप सापडलं, मागे वाचलं तर पॅरासिटामॉल, टाकून दिलं. शुक्रवारी डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा सासूबाई हट्टाने सोबत आल्या आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, "पहिलं मी दिलं होतं, बाटली न वाचता." डॉक्टर म्हणाले, "आजी, चष्मा कुठे होता?" त्या म्हणाल्या, "देवघरात." आता एक चष्मा फ्रिजवर असतो.

काल चिऊला दाढ येताना परत थोडा ताप आला. मी ऑफिसातून आले आणि आधी भिंतीकडे गेले. कालनिर्णयच्या बुधवारच्या चौकोनात, दुधाच्या दीड लिटरच्या खाली, सासूबाईंच्या बोडण-नैवेद्याच्या यादीतल्या त्याच तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'चिऊ. ५ मिली. १२५ वालं. सायं. ६:१०. मी.' आणि त्याच्या खाली नवऱ्याच्या अक्षरात: 'वाचलं. दिलं नाही.'